समुद्रकाठचा रिकामा दिवस

वसंतातली सकाळ आहे, समुद्रकाठच्या बाकावर एक जोडपे बसले आहे आणि ते काहीही करीत नाही. हे चित्र आज इतके सर्वपरिचित झाले आहे की, ते माणसाइतकेच जुने असावे असे आपण धरून चालतो. वास्तविक तसे नाही. समुद्र जुना आहे, नवराबायकोचे नाते जुने आहे, थकवा तर दोहोंच्याही आधीचा असेल. परंतु या तिघांची एका बाकावर गाठ पडावी, ही गोष्ट फार तर अडीचशे वर्षांची आहे. लढायांना आणि तहांना जसा इतिहास असतो तसा तो फुरसतीलाही असतो. तो सनावळीत सापडत नाही म्हणून आम्ही मास्तर लोक तो शिकवीत नाही, इतकेच.

जो समुद्राकाठी राहतो, त्याला समुद्र पाहायला जाण्याची हौस नसते. आपल्या कोकणातल्या जुन्या गावांतून हिंडा. घरे नारळीपोफळीच्या वाड्यांत दडून बसलेली दिसतील. खारा वारा, पावसाळ्यातले उधाण आणि होडीवर गेलेल्या माणसाची वाट पाहणे, हा तिथल्या बाईचा समुद्राशी संबंध. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राइटहेल्मस्टन नावाच्या गावाचीही तीच स्थिती होती. तेही कोळ्यांचेच गाव. १७०३ आणि १७०५ सालच्या वादळांनी त्याची दैना केली. दर्यावर पोट भरणाऱ्या त्या गावात नवरा समुद्रावर जाई आणि बायको किनाऱ्यावर जाळी वाळवी; दोघांनी मिळून लाटा मोजीत बसावे, असे कोणाच्या स्वप्नातही येत नव्हते. याच गावाचे पुढे ब्रायटन झाले, आणि सुट्टीच्या इतिहासात काशीला जे स्थान असावे ते त्याला मिळाले. म्हणून आपण याच एका गावाची हकीकत पाहू.

या गावात परक्या माणसांना प्रथम आणले ते विश्रांतीने नव्हे, रोगाने आणले. जवळच्या ल्यूइस गावी रिचर्ड रसेल नावाचे एक डॉक्टर होते. समुद्राच्या पाण्याने गाठींचे विकार बरे होतात, असे सांगणारा एक लॅटिन प्रबंध त्यांनी १७५० साली प्रसिद्ध केला. लवकरच त्याचे इंग्रजी रूप निघाले, आणि १७५३ मध्ये डॉक्टर स्वतःच ब्रायटनला घर बांधून राहिले. त्यांचा उपचार सौम्य नव्हता. समुद्रात नुसते नाहायचे नव्हते, तर समुद्राचे पाणी प्यायचेही होते. आणि पाणी जितके थंड तितके गुणकारी, असा त्या काळचा समज होता. म्हणजे समुद्रकाठची पहिली सुट्टी ही एरंडेलाच्या चुलतबहिणीसारखी होती. ती नाक दाबून घ्यावी लागे.

नवराबायको जोडीने आली तरी पाण्याशी पोचल्यावर त्यांची फाटाफूट होई. पुरुषांची नाहण्याची जागा वेगळी, बायकांची वेगळी. चाकांवरची एक लाकडी खोली असे. बाईने त्या खोलीत शिरायचे, कपडे बदलायचे, मग ती खोली पाण्यात नेली जाई. तिथे दणकट बांध्याच्या कोळणी कमरेइतक्या पाण्यात उभ्या असत. त्या बाईला धरून लाटेखाली बुचकळून काढीत. यांपैकी मार्था गन ही बाई इतकी प्रसिद्ध झाली की युवराजही तिला ओळखत असे. १८१५ साली ती वारली, तेव्हा तिने उभे आयुष्य दुसऱ्यांना बुचकळण्यात काढले होते. थंडीवाऱ्यात तासन्‌तास पाण्यात उभे राहणे तिच्या प्रकृतीला मानवते की नाही, याविषयी मात्र कोणा डॉक्टराने प्रबंध लिहिल्याचे आढळत नाही.

औषध घ्यायला आलेली माणसे हळूहळू औषध विसरली आणि हवा खाऊ लागली. स्टाइन नावाचे एक मोकळे मैदान गावात होते. तिथे कोळी आपली जाळी वाळत घालीत. तो त्यांचा पिढीजात हक्क होता. पाहुण्यांना संध्याकाळी फिरण्यासाठी तेच मैदान आवडले. जाळी पायांत येतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. मैदानाला कुंपण पडले. आणि कालांतराने जाळी गेली व पाहुणे राहिले. फुरसतीला जागा लागते. ती जागा बहुधा कोणाच्या तरी कामाची असते.

*

१७८३ साली ब्रायटनला एक असा पाहुणा आला की, त्याने गावाचे नशीब पालटले. तो इंग्लंडचा युवराज, पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला तो. बापाच्या धाकापासून आणि सावकारांपासून दूर राहायला त्याला हे गाव सोयीचे वाटले. त्याच्या आयुष्यातली एकच गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १५ डिसेंबर १७८५ रोजी त्याने मारिया फिट्झहर्बर्ट या विधवेशी लंडनमध्ये गुप्तपणे लग्न केले. ती कॅथलिक होती. शिवाय १७७२ च्या कायद्याप्रमाणे राजाच्या संमतीवाचून केलेले असे लग्न रद्दबातलच होते. धर्मगुरूसमोर ती पत्नी होती, कायद्यासमोर कोणीच नव्हती. लंडनमध्ये या जोडप्याला उजळ माथ्याने एकत्र राहणे कठीण. ब्रायटनला मात्र ती दोघे संध्याकाळी फिरायला निघत आणि गाव तिला मान देई.

आजही नवी जोडपी घरापासून लांब, ओळखदेख नसलेल्या किनाऱ्यावर का जातात, हे ज्यांना कळते त्यांना युवराजाची ही अडचण परकी वाटणार नाही. राजवाडा काय आणि आपले दोन खोल्यांचे बिऱ्हाड काय, नवराबायकोला एकमेकांशी मोकळेपणी बोलायला घर सोडावे लागते हे खरे.

१७९५ मध्ये कर्ज फेडण्याच्या लोभाने युवराजाने ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी राजरोस लग्न केले. पुढे मारियाशी त्याचे पुन्हा जमले, पुन्हा फाटले. तो आपल्या समुद्रकाठच्या घरावर पैसा ओतीत राहिला. १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्या घराचा कायापालट करून त्यावर हिंदुस्थानी पद्धतीचे घुमट व मिनार चढविले. हाच तो रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून एखाद्या नबाबाचा महाल, आतून चिनी सजावट, आणि मालक इंग्रज! १८३० मध्ये राजा वारला तो मारियाचे छोटे चित्र गळ्यात घालून पुरला गेला, असे सांगतात. ती मात्र ब्रायटनलाच राहिली आणि १८३७ मध्ये तिथेच गेली. तिथल्या कॅथलिक देवळात तिचा दगडी पुतळा आहे. त्याच्या बोटात तीन विवाहांच्या तीन अंगठ्या कोरलेल्या आहेत. कायद्याने जी नाकारली ती तिसरी अंगठी दगडाने मान्य केली.

*

याच काळात ब्रायटनच्या किनाऱ्यावर दुसरे एक जोडपे होते. ते सुट्टीवर आलेले नव्हते. शेख दीन महंमद हे मूळचे पाटण्याचे. जन्म १७५९ चा. कंपनीच्या बंगाल फौजेत वाढले, १७८४ मध्ये आयर्लंडला गेले, आणि १७९४ मध्ये त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक. १८१० मध्ये त्यांनी लंडनला हिंदुस्थानी पद्धतीचे एक भोजनगृह काढले. हुक्क्याचीसुद्धा सोय ठेवली. इंग्रजी जिभेला त्या वेळी मसाला रुचला नाही म्हणा, भांडवल अपुरे पडले म्हणा, दोन वर्षांत दिवाळे वाजले. पन्नाशी उलटलेला हा माणूस १८१४ मध्ये पत्नी जेनसह ब्रायटनला आला आणि त्याने वेगळीच विद्या विकायला काढली.

ती विद्या म्हणजे आपली चंपी. वनस्पती घातलेल्या पाण्याची वाफ, फ्लॅनेलचा तंबू, त्या तंबूला बाहेरून हात घालायला शिवलेल्या बाह्या. रोगी आत घामाघूम होऊन बसे आणि चोळणारा बाहेरून त्याचे अंग रगडी. याला ते ‘शॅम्पूइंग’ म्हणत. आज आपण बाटलीतला जो शॅम्पू केसांना लावतो त्याच्या नावाचा उगम या चांपण्यात आहे. १८२१ मध्ये अगदी समुद्रासमोर त्यांचे मोठे स्नानगृह उघडले. पुरुषांचा विभाग दीन महंमद पाहत, बायकांचा जेन पाही. बरे झालेल्या रोग्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या तिथे भिंतीवर मांडलेल्या असत. चौथ्या जॉर्जने त्यांना आपला अंगमर्दक नेमले, चौथ्या विल्यमनेही ती नेमणूक चालू ठेवली.

ब्रायटनला येणारी सुखवस्तू जोडपी या जोडप्याच्या हातून ताजीतवानी होऊन जात. पण त्या इमारतीची मालकी दीन महंमदांची नव्हती; म्हातारपणी त्यांना ती सोडून लहान जागेत जावे लागले. जेन १८५० च्या डिसेंबरात वारली, आणि दोनच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, दीन महंमद गेले. सेंट निकोलस देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. पस्तीस वर्षे समुद्रासमोर राहिलेल्या या दोघांना किनाऱ्यावर रिकामे बसायला किती संध्याकाळी मिळाल्या असतील?

*

इथपर्यंतची ही सुट्टी घोडागाडीने येणाऱ्यांची होती. २१ सप्टेंबर १८४१ रोजी लंडन ते ब्रायटन आगगाडी सुरू झाली, आणि पन्नास मैलांचे अंतर दोन तासांवर आले. त्यानंतरचा खरा दिवस म्हणजे १८४४ चा ईस्टरचा सोमवार. ईस्टर हा त्यांच्याकडचा वसंतातला सण. आपल्या पाडव्याच्या आगेमागे येणारा. त्या दिवशी लंडन ब्रिजवरून स्वस्त भाड्याची पहिली सहलीची गाडी निघाली. निघताना ४५ डबे आणि चार एंजिने होती. वाटेत माणसे इतकी जमली की डबे ५७ झाले आणि एंजिने सहा. ती प्रचंड गोगलगाय साडेचार तासांनी ब्रायटनला पोचली. कारकून, शिंपी, सुतार, मोलकरणी, नवी लग्न झालेली पोरे असा सारा जनसमुदाय समुद्रासमोर येऊन उभा राहिला. त्यांतल्या पुष्कळांनी समुद्र पहिल्यानेच पाहिला असेल.

या गर्दीमुळे एका जोडप्याची मात्र पंचाईत झाली. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट. वारशाने मिळालेला पॅव्हिलियन शहराच्या मध्यात. राणी पायी फिरायला निघाली की दुकानांतली पोरे तिच्या टोपीखाली डोकावून पाहत. १८४५ च्या फेब्रुवारीनंतर ती तिथे राहायला गेली नाही. त्याच वर्षी तिने वाइट बेटावर ऑस्बोर्नची मालमत्ता घेतली, आणि १८५० मध्ये पॅव्हिलियन ब्रायटन नगराने ५३ हजार पौंडांना विकत घेतला. राजाचा महाल गावाचा झाला. राणीला एकांत मिळेना म्हणून ती निघून गेली, आणि ज्यांना घरी एकांत नव्हता ते दोन दिडक्यांच्या तिकिटावर गर्दीत येऊन तो शोधू लागले. गर्दीतही एकांत असतो, तो फक्त गरिबांना सापडतो.

या स्वस्त गाड्यांची एक हकीकत विसरता कामा नये. २५ ऑगस्ट १८६१, रविवार. ब्रायटनहून लंडनकडे थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने तीन गाड्या सुटल्या. त्यांतल्या दोन सहलीच्या. पाच मैलांवर क्लेटनचा बोगदा आहे. तिथे सिग्नल वेळेवर पालटला नाही, तारेचा अर्थ लागण्यात घोटाळा झाला, आणि बोगद्याच्या अंधारात एक गाडी दुसरीवर आदळली. २३ माणसे मेली, दीडशेच्या वर जखमी झाली. चौकशीत कळले की बोगद्याच्या तोंडावरचा सिग्नलवाला त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. नेहमीची पाळी अठरा तासांची. मग चोवीस का? तर एवढे ओढले म्हणजे त्याला आठवड्यात एक दिवस पुरा मोकळा मिळत असे. सुट्टीवरून परतणारी माणसे ज्याच्या हाती होती, तो स्वतःच्या सुट्टीसाठी जागा होता. मला तरी या साऱ्या इतिहासात याहून दुःखाची ओळ आढळली नाही.

*

सुट्टी ही मालकाची मर्जी न राहता कायद्याची बाब झाली ती १८७१ साली. सर जॉन लबक हे पेढीवाले, पार्लमेंटचे सभासद आणि मुंग्या-मधमाश्यांचे मोठे अभ्यासक. मुंग्यांचा व्यासंग करणाऱ्या माणसाने कामकऱ्यांना विश्रांती मिळवून द्यावी, ही गंमतीची गोष्ट खरी. त्यांच्या कायद्याने इंग्लंडातल्या पेढ्यांना चार दिवसांची सुट्टी लागू झाली आणि त्यांत ईस्टरचा सोमवार होता. पेढ्या मिटल्या की दुकाने मिटत, दुकाने मिटली की कारखाने. लोक त्या दिवसाला थट्टेने ‘संत लबकचा दिवस’ म्हणू लागले. लंडनच्या कारकुनाला आता ईस्टरला बायकोला घेऊन ब्रायटनला जाण्यासाठी आजारी असल्याचे खोटे पत्र लिहावे लागत नव्हते. तरीही दोघांनी एकत्र पाण्यात उतरणे अशिष्टच राहिले. बेक्सहिल या शेजारच्या गावाने १९०१ मध्ये स्त्रीपुरुषांना एकत्र नाहण्याची मुभा दिली, तेव्हा ती मोठी बातमी झाली.

लबकच्या कायद्यानंतर एकोणीस वर्षांनी आपल्या मुंबईत हीच लढाई झाली, पण तिची मागणी पाहा किती लहान होती! गिरणीतला माणूस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत राबे आणि आठवड्याची ठरावीक सुट्टी त्याला नव्हती. जोतीरावांचे अनुयायी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून हा प्रश्न हाती घेतला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या घरातल्या दिनदर्शिकेवर तांबड्या अक्षरांत छापलेला रविवार असा मिळालेला आहे.

पण त्या रविवारी गिरणीकामगार बायकोला घेऊन चौपाटीवर गेला का? बहुतेकांची बायको मुंबईत नव्हतीच. ती रत्नागिरीकडे, समुद्राकाठच्या गावी. तो गाळ्यावर, खाणावळीत. त्याची खरी सुट्टी म्हणजे मे महिन्यात बोटीने गावी जाणे. ‘समुद्रकाठच्या गावी नवराबायकोची सुट्टी’ या शब्दांना आपल्याकडे शंभर वर्षे हा अर्थ होता. चाकरमानी यायचा, घर शाकारायचा, बांध घालायचा, कर्जाची बोलणी करायचा; आणि पाऊस तोंडावर आला की ती बंदरापर्यंत पोचवायला यायची. तिने समुद्राकडे टक लावून पाहिले असेल ते त्या वेळी. बोट दिसेनाशी होईपर्यंत.

*

दूरवरच्या नवऱ्यासाठी असे वाट पाहणे १९१४ साली हिंदुस्थानातल्या हजारो घरांना आले. आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये नव्ह शापेलला लढल्या आणि फार मोठी हानी सोसून परतल्या. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांना विलायतेत आणले; आणि त्यांच्या इस्पितळासाठी जी जागा निवडली ती म्हणजे तोच रॉयल पॅव्हिलियन. १९१४ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या जानेवारीपर्यंत चौथ्या जॉर्जच्या घुमटांखाली पंजाबी, गढवाली, गुरखे, पठाण पडून होते. धर्म आणि जात सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या पाण्याच्या तोट्या वेगळ्या होत्या.

गावातल्या दुसऱ्या एका हिंदी इस्पितळाभोवती मात्र काटेरी तार होती. शिपायांनी गावात मोकळे हिंडू नये, गोऱ्या बायकांशी त्यांचे बोलणे होऊ नये, याची सरकारला काळजी. ज्या गावाची ख्याती नवराबायकोने मोकळे हिंडण्याबद्दल, तिथे या माणसांना फाटकाबाहेर जायला परवानगी लागे. बरे झाले की पुन्हा आघाडीवर. घरी लिहिलेली पत्रे आधी सरकारी तपासनीस वाची. म्हणजे बायकोला दोन शब्द लिहायचे तेही तिसऱ्या माणसादेखत!

जे तिथे वारले त्यांतल्या हिंदू व शीख अशा ५३ जणांचे दहन गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर झाले. त्या जागी पुढे पांढऱ्या संगमरवराची एक छत्री बांधली. १ फेब्रुवारी १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते तिचे अनावरण झाले. त्या माणसांची नावे मात्र दगडावर यायला २०१० साल उजाडले. तिथे मेलेल्यांच्या बायका ब्रायटनला कधीच पोचल्या नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचली ती एखादी तार आणि निवृत्तिवेतनाचा कागद.

पगारी रजेचा कायदा इंग्लंडने १९३८ मध्ये केला. खिशात पगार ठेवून आठवडाभर किनाऱ्यावर बसण्याचा मार्ग कामकऱ्याला प्रथमच मोकळा झाला. दोन वर्षांनी, शत्रू उतरेल या भीतीने, ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरले गेले आणि काटेरी तारा पडल्या. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला वर्षाकाठी भरपगारी रजा दिली.

आज दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपली जोडपी दिवेआगर, मुरुड, गणपतीपुळे, तारकर्ली अशा गावी जातात. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण हा अंक पिशवीत घालून तिकडेच गेले असतील. त्यांनी जरूर जावे, आणि काहीही न करता बसावे. त्या बसण्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलेले आहे. फक्त एक पाहावे. ज्या घरगुती खाणावळीत आपण उतरतो, तिथेही एक जोडपे असते. तो मासळी आणायला पहाटे उठतो, ती रात्री अकरापर्यंत भाकऱ्या थापते, आणि आपला हंगाम तोच त्यांचा हंगाम असल्यामुळे दिवाळीत त्यांना दिवाळी नसते. समुद्र त्यांच्या परसदारी आहे. निघताना पैसे चुकते करताना त्यांना सहज विचारावे, तुम्ही दोघे समुद्रावर शेवटचे केव्हा गेला होता? बहुधा ती दोघे एकमेकांकडे पाहून हसतील, आणि नवऱ्याला वर्ष आठवणार नाही. बायकोला मात्र आठवेल.